घंटा वाजते, पण आवाज कुठे गेला?

जबलपूरच्या नेपियर टाऊनमधील मालवाहतुकीचे एक छोटे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरचे दिवस, सोमवारची सकाळ. पाटण-शहपुरा भागातील हिरव्या मटाराचा हंगाम सुरू झाला आहे आणि आदल्या रात्री मटाराने भरलेला एक ट्रक नागपूरच्या दिशेने रवाना झाला आहे. टेबलावरच्या फोनची घंटा वाजते. कारकून रिसीव्हर उचलतो. "हॅलो! हॅलो! कोण बोलतंय?" पलीकडे शांतता. चारपाच वेळा हॅलो म्हणून तो फोन ठेवून देतो. पुन्हा घंटा, पुन्हा तीच शांतता.

तिकडे सिवनीजवळ रस्त्याच्या कडेला उभा असलेला ट्रकचालक घसा ताणून सांगत असतो, की इंजिनचा पट्टा तुटला आहे, लवकर मेकॅनिक पाठवा. कारकुनाचे "हॅलो" त्याला स्वच्छ ऐकू येत असते. आपला आवाज मात्र पलीकडे पोचत नाही, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसे? साहेब ऐकून न ऐकल्यासारखे करून फोन ठेवत आहेत, असाच त्याचा समज होतो. पोत्यांतला माल तासागणिक कोमेजत असतो.

मालक इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन करतात. "आमची लाइन ठीक आहे, तुमच्या फोनवाल्याला विचारा." फोनवाल्याला विचारावे, तर "आमची यंत्रणा चालू आहे, इंटरनेटवाल्याला विचारा." अशा टोलवाटोलवीत दुपार होते.

हे कार्यालय कल्पनेतले असले, तरी प्रसंग अनेकांना ओळखीचा वाटेल. वकिलांच्या कचेऱ्या, दवाखाने, शाळा, पतसंस्था अशा कितीतरी ठिकाणी आता तांब्याच्या तारेवरच्या फोनऐवजी इंटरनेटवरून चालणारे फोन आले आहेत. खर्च कमी होतो, एकाच क्रमांकावर दहा जण बोलू शकतात, शाखा दुसऱ्या गावी असली तरी आतल्या फोनसारखी जोडता येते. बिघाड झाला, की मात्र सारे कार्यालय हवालदिल होते. लाइनमन खांबावर चढेल, दोन तारा जोडेल आणि काम होईल, हे दिवस संपले. मग आपण करायचे काय?

गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर जबलपूरच्या जुन्या टेलिफोनवाल्यांना केव्हाच ठाऊक होते.

टेलिफोन शिकवणारे शहर

संगमरवरी खडक आणि नर्मदेचा धुवाधार यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराची आणखी एक ओळख आहे. १९४२ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, येथे दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. रिज रोडवरील ही संस्था पुढे भारतरत्न भीमराव आंबेडकर इन्स्टिट्यूट ऑफ टेलिकॉम ट्रेनिंग या नावाने ओळखली जाऊ लागली. आज ती भारत संचार निगमची प्रमुख प्रशिक्षण संस्था आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या अभियंत्यांच्या पिढ्या येथे शिकून गेल्या. शहरात टेलिफोनचे साहित्य बनवणारा सरकारी कारखानाही होता.

जुन्या टेलिफोनच्या दुरुस्तीत एक साधा नियम असे. ग्राहकाची तक्रार आली, की लगेच खांबावर चढायचे नाही. एक्सचेंजमधील ज्या चौकटीवर बाहेरच्या तारा आतल्या यंत्राला जोडलेल्या असतात, तेथे आधी तार सोडवायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. दोष आतला की बाहेरचा, हे तेथेच कळे. बाहेरचा असेल, तर पुढच्या पेटीपर्यंत पुन्हा तीच तपासणी. असे निम्मे-निम्मे करीत दोष नेमक्या ठिकाणी कोंडीत पकडला जाई. आजच्या इंटरनेट फोनलाही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच, की तारेच्या जागी आता आवाजाची पाकिटे आहेत.

आवाजाची पाकिटे

जुन्या फोनमध्ये बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत एक सलग वाट राखून ठेवलेली असे. इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे आकडे केले जातात आणि त्यांचे छोटे तुकडे पाडले जातात. बहुतेक यंत्रांत एक तुकडा एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा असतो. म्हणजे दर सेकंदाला जणू पन्नास पोस्टकार्डे टपालात पडतात. प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता. पलीकडचा फोन ती क्रमाने लावून पुन्हा आवाज तयार करतो.

काही कार्डे हरवली, तर आवाज तुटतो. काही लवकर, काही उशिरा आली, तर बोलणे अडखळते. सगळीच उशिरा आली, तर दोघेही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणांना अडचण येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. डोळ्याची पापणी लवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. २०१८ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यावर देशातील साध्या फोन क्रमांकांशी इंटरनेटवरून बोलण्याचा मार्ग अधिक मोकळा झाला. मात्र अशी सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. स्वस्तात मस्त म्हणून कोणा अनोळखी माणसाने बसवून दिलेली जोडणी कायद्याच्या कचाट्यात अडकवू शकते.

पहिले काम: बोलणे चालू ठेवा

आता पुन्हा नेपियर टाऊनच्या कार्यालयात येऊ. मालकांचा पुतण्या कॉलेज आटोपून येतो. काका वैतागलेले. "अरे, हा नवा फोन काढून फेक आधी!"

"काका, पडद्यावर नंबर दिसतोय ना? तुमच्या मोबाइलवरून लावा."

दोन मिनिटांत चालकाशी बोलणे होते, सिवनीतल्या ओळखीच्या गॅरेजला निरोप जातो. दुरुस्ती नंतर. दवाखान्यात, शाळेत किंवा दुकानात फोन मुका झाला, तर आधी दुसरी वाट उघडावी. आलेल्या फोनचे क्रमांक यंत्राच्या पडद्यावर नोंदलेले असतात. ते पाहून मोबाइलवरून उलट फोन करावेत. बहुतेक कंपन्या आपल्या क्रमांकावर येणारे फोन थेट एखाद्या मोबाइलकडे वळवण्याची सोयही देतात. ती कशी सुरू करायची, हे बिघाड होण्यापूर्वीच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

शोध घेण्याचा क्रम

यानंतर शोधाला सुरुवात. पुतण्या पहिला प्रश्न विचारतो, "एकच फोन बिघडलाय, की सगळे?" या एका प्रश्नाने निम्मे काम होते. एकच फोन बंद असेल, तर दोष त्या फोनात, त्याच्या केबलीत किंवा भिंतीतल्या खाचेत. शेजारचा चालू फोन तेथे लावून पाहावा. तो चालला, तर फोन बिघडलेला. तोही चालला नाही, तर केबल किंवा खाच. सगळेच फोन आजारी असतील, तर दोष सगळ्यांना समान असलेल्या भागात, म्हणजे स्विच, कार्यालयातील छोटे एक्सचेंज, राउटर किंवा इंटरनेटच्या लाइनीत.

दुसरी पायरी विजेची. फोनच्या पडद्यावर दिवा आहे का? कार्यालयातील अनेक इंटरनेट फोनांना वेगळी वीज लागत नाही, नेटवर्कच्या केबलीतूनच ती मिळते. स्विचची वीज गेली, तर सगळे फोन एकदम झोपतात. अशा वेळी फोन उघडून बसण्यात अर्थ नाही, स्विचची पिन पाहावी.

तिसरी पायरी नोंदणीची. इंटरनेट फोन सुरू होताच आपल्या एक्सचेंजला हजेरी देतो, "मी १०१ नंबर, हा माझा पासवर्ड, आणि मी या पत्त्यावर आहे." ही हजेरी ठराविक वेळाने पुन्हा द्यावी लागते. पडद्यावर नोंदणी झाली नसल्याची खूण असेल, तर फोन करता येत नाही आणि येतही नाही. पासवर्ड चुकला असेल, तर एक्सचेंज नकार कळवते. उत्तरच येत नसेल, तर वाट बंद आहे किंवा पत्ता चुकला आहे. नकार आणि मौन यांतला हा फरक ध्यानात ठेवावा. तपासणाऱ्याचा त्यात पुष्कळ वेळ वाचतो.

चौथी पायरी जुन्या लाइनमनची, म्हणजे वाट मधोमध तोडून पाहण्याची. छोटे एक्सचेंज कार्यालयातच बसवलेले असेल, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन करावा. पुतण्या १०१ वरून १०२ लावतो. दोन्ही बाजूंनी आवाज खणखणीत! म्हणजे फोन, केबली, स्विच, एक्सचेंज यांत दोष नाही. तो आहे आतल्या आणि बाहेरच्या जगाच्या वेशीवर.

माडीवरची डावी खोली

घंटा वाजते, पण एका बाजूचा आवाज येत नाही, ही इंटरनेट फोनची सर्वांत सतावणारी तक्रार. तिचे कारण असे, की घंटा आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. "फोन आला आहे, उचलला आहे, ठेवला आहे" हे निरोप एका वाटेने जातात. प्रत्यक्ष बोलण्याची पाकिटे दुसऱ्या वाटेने. ती कोठे पाठवायची, तो पत्ता पहिल्या निरोपातच लिहून दिलेला असतो. तो पत्ताच चुकला तर?

मोठ्या वाड्यात राहणाऱ्या माणसाने पत्रात उत्तराचा पत्ता "माडीवरची डावी खोली" एवढाच लिहिला, तर पोस्टमन काय करील? वाड्यातल्यांना तो पत्ता पुरेसा, पण गावाला नाही. कार्यालयातील फोनांचे पत्ते असेच आतल्या वापराचे असतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोट्यवधी घरांत आणि कचेऱ्यांत आहेत. बाहेरच्या जगासाठी साऱ्या कार्यालयाचा एकच पत्ता असतो, राउटरचा. म्हणून छोट्या एक्सचेंजला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आपले आतले पत्ते कोणते आणि बाहेर देण्याचा पत्ता कोणता.

पुतण्या एक्सचेंजच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता पाहतो. मग इंटरनेटवर आपला आजचा पत्ता तपासतो. दोन्ही जुळत नाहीत!

"काका, शनिवारी काही बदललं होतं का?"

"काही नाही रे. तो इंटरनेटवाला मुलगा आला होता, जुना डबा काढून नवा लावून गेला. तेवढंच."

तेवढ्यानेच घात केला होता. नव्या डब्याबरोबर कार्यालयाचा बाहेरचा पत्ता बदलला. नोंदणी कार्यालयातून बाहेर जाते, त्यामुळे ती होत राहिली, घंटाही वाजत राहिली. पण "आवाज या पत्त्यावर पाठवा" म्हणून एक्सचेंज जुनाच पत्ता देत होते. चालकाचे बोलणे दुसऱ्याच दारी जाऊन परतत होते. नवा पत्ता लिहिताच आवाज आला. पुन्हा असे होऊ नये, म्हणून इंटरनेट कंपनीकडून न बदलणारा पत्ता घेणे हा कायमचा उपाय. त्यासाठी थोडे जादा शुल्क पडू शकते.

एकतर्फी आवाजाची दुसरी दोन कारणेही पाहून ठेवावीत. काही राउटर फोनचे निरोप "सुधारून" पुढे पाठवण्याचा आगाऊपणा करतात. एसआयपी एएलजी नावाची ही सोय बहुतेक वेळा बंद केलेली बरी. दुसरे कारण म्हणजे राउटरची सुरक्षा भिंत आवाजाच्या पाकिटांना अडवते. कोणती दारे उघडायची, हे फोन कंपनीकडून लेखी घ्यावे. सरसकट सगळी दारे उघडून ठेवू नयेत.

आणखी एक खूण. प्रत्येक फोन साधारण अर्ध्या मिनिटाने, नेमका ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल, तर तोही पत्त्याचाच दोष समजावा. फोन उचलल्याची पोच परत न मिळाल्यास यंत्र तेवढा वेळ वाट पाहते आणि संभाषण बंद करते. घड्याळ लावून पाहिल्यास हा दोष हमखास ओळखता येतो.

आवाज तुटतो कधी?

आवाज येतो, पण चाळणीतून गाळल्यासारखा, अशी तक्रार असेल, तर ती कधी होते ते नोंदवावे. रोज दुपारी चारलाच? मग त्या वेळी कोणी मोठ्या फायली पाठवत आहे का, कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर साठवले जात आहे का, हे पाहावे. चांगल्या प्रतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेला सेकंदाला साधारण ९० किलोबिट एवढी जागा लागते. दहा जण एकदम बोलले, तरी एक मेगाबिटही पुरतो. म्हणजे अडचण बहुधा जागेची नसते, गर्दीची असते. अरुंद पुलावर मालगाड्या आधी घुसल्या, तर रुग्णवाहिका मागे अडकते. राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना आधी वाट देण्याची सोय असते, ती चालू करावी. टेबलावरचे फोन शक्यतो वायफायऐवजी केबलीने जोडावेत.

हाच नियम घरीही उपयोगी. परदेशातल्या मुलाशी किंवा पुण्यातल्या लेकीशी इंटरनेटवरून बोलताना आवाज तुटत असेल, तर दुसऱ्या खोलीत चाललेला चित्रपट थोडा वेळ थांबवून पाहावा. राउटरजवळ जाऊन बोलावे. आजीला "तुझा फोनच खराब आहे" म्हणण्याआधी एवढे करायला काय हरकत आहे?

मांडणी करताना

बिघाड टाळण्याची खरी वेळ यंत्रणा बसवतानाच असते. प्रत्येक फोनला वेगळा आणि लांब पासवर्ड द्यावा. १०१ क्रमांकाच्या फोनचा पासवर्ड १०१ ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगणे. असे फोन शोधत फिरणारे भामटे जगभर आहेत. ते रात्रीतून दुसऱ्याच्या खात्यावर परदेशी फोन करतात आणि बिल मालकाच्या नावावर येते. परदेशी फोनांची गरज नसेल, तर ती सोय बंदच ठेवावी.

"हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा" अशी ध्वनिमुद्रित सूचना ठेवायची, तर ती थोडक्यात असावी. तीनचारपेक्षा जास्त पर्याय ऐकताना वयस्कर माणसाचा गोंधळ उडतो. काहीच न दाबणाऱ्याचा फोन शेवटी माणसाकडे गेला पाहिजे.

आणि एक वही ठेवावी. कोणता फोन कोणाचा, कोणती केबल कोठे जाते, कोणती सेटिंग केव्हा बदलली आणि आधी काय होती, हे तारखेसह लिहावे. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तपासावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि फोन सुरू झाला, तर कशाने सुरू झाला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. पासवर्ड मात्र उघड्या वहीत नकोत, ते कुलपात ठेवावेत.

वीज गेली तर?

एका बाबतीत जुना फोन सरस होता. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्सचेंजमधील बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टची वीज मिळे. घरात अंधार असला, तरी फोन चालू राही. इंटरनेट फोनला आपल्याच घरची वीज लागते. फायबरवरून येणाऱ्या लँडलाइनचेही तेच. राउटर, स्विच आणि एक्सचेंज या तिघांनाही यूपीएस जोडलेला नसेल, तर बत्ती गुल होताच फोनही गुल.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरने भूकंपाचा मोठा धक्का सोसला आहे. अशा वेळी पहिली गरज लागते ती मदत मागण्याची. म्हणून प्रत्येक कार्यालयात चार्ज केलेला एक मोबाइल सर्वांना माहीत असलेल्या जागी असावा. इंटरनेट फोनवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागतो का आणि लागला तर आपला पत्ता कोणता दिसतो, हे कंपनीला आधीच विचारून घ्यावे. लागत नसेल, तर फोनवर तशी चिठ्ठी चिकटवावी.

नेपियर टाऊनच्या त्या कार्यालयात सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळे फोन बोलू लागले. पट्टा बदलून ट्रकही नागपूरला पोचला. पुतण्याने नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहिले, "इंटरनेटचा डबा बदलला, की बाहेरचा पत्ता तपासणे." काकांनी चष्मा लावून ते वाचले आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली, "आवाज आला नाही, तर फोन ठेवून देऊ नये. नंबर पाहून मोबाइलवरून लगेच लावणे. पलीकडे कोणी अडचणीत असेल."